समजा, मी आज वारलो

पुसदच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. रविवार होता, बहिणीकडे गेलतो, आणि तिनं हातात पिशवी देऊन पिटाळलं होतं. तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या शिपायाचा, संजूचा फोन आला. "रफिक सर, मुनेश्वर सर वारले." मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कोणत्या वर्गात?" आणि वर हसलोसुद्धा. भाजीवाली बाई माझ्याकडे पाहून हसली. फोनमध्ये नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की आज रविवार आहे. रविवारी वर्ग नसतो... पिशवी तिथंच राहिली. वांग्यांचे पैसे दिले की नाही, मला आजही आठवत नाही.

मी असा का बोललो ते सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील हा कसला दोस्त. दिवाकर मुनेश्वर आर्णीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान शिकवायचा आणि मी भूगोल. दरवर्षी कॉलेज सुरू झालं की अकरावीच्या नव्या पोरांसमोर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "समजा, मी आज वारलो." मग तो विचारायचा, "आता सांगा, या वर्गातून नेमकं काय गेलं? खुर्ची आहे, फळा आहे, मीही इथंच पडून आहो. मंग गेलं काय?" आता तत्त्वज्ञान म्हणजे काय हे सांगायची ही कोणती रीत झाली? पण पोरं त्या दिवशी घरी जेवताना तेच बोलायची. एका वर्षी तर कहर झाला. एक पोरगी ते पहिलं वाक्य ऐकून इतकी घाबरली की पुढचं तिनं ऐकलंच नाही, घरी जाऊन "सर... वारले..." एवढंच म्हणत रडत बसली. संध्याकाळी तिचे वडील पांढरी टोपी घालून, हार घेऊन दिवाकरच्या दारात. दार दिवाकरनंच उघडलं. त्या माणसाची काय अवस्था झाली असेल ती त्यालाच ठाऊक. दिवाकरनं त्याला बसवलं, चहा पाजला, आणि हार वाया कायले घालवता म्हणून स्वतःच गळ्यात घालून घेतला. तेव्हापासून "मुनेश्वर सर वारले" हा आमच्या स्टाफरूममधला चालता विनोद होता. कोणी उशिरा आला, कोणाची रजा लागली, की हेच. म्हणून मी तसं बोललो. आता त्याचीच लाज वाटते, आणि त्याचाच रागही येतो. मरायचं होतं तर एवढ्या वेळा मरून कायले दाखवलंस, यार?

सकाळी अंगणात दात घासत होता म्हणे. शालूवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला म्हणाला, "जरा बसतो." ओट्यावर बसला, तो बसलाच. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी बसस्टँडसमोर चहा घेतला होता आणि मी त्याच्याशी कडाकडा भांडलो होतो. माणूस धडधाकट, निवृत्तीला अजून काही वर्षं बाकी, ना साखर ना बीपी. दिग्रसमार्गे गाडी हाकत मी आर्णीला आलो तेव्हा सबंध रस्ताभर माझ्या मनात एकच... हा उठून बसेल आणि विचारेल, सांग रफिक, काय गेलं?

आमच्याकडे आर्ट्सला येणारी पोरं कशी येतात ते सगळ्यांना माहीत आहे. सायन्सला नंबर लागला नाही, मग आर्ट्स. आर्ट्समध्ये काय घ्यायचं, तर जो सोपा तो विषय. तत्त्वज्ञान सोपं असतं अशी कोणीतरी अफवा उठवली होती, तिच्यावर दिवाकरचा वर्ग भरायचा. त्या पोरांना तो पुस्तकातल्या शाखा शिकवायचा कशा, तर खिडकीबाहेर लावलेल्या स्वतःच्या खटारा स्कूटरवरून. "हे स्कूटर आज चालू होईन, हे मले कसं माहीत?" पोरं ओरडायची, "नाही होत, सर!" "तुमाले कसं माहीत? काल नाही झालं म्हणून आजही नाही?" आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हे तपासणं म्हणजे ज्ञानमीमांसा, झाली पहिली शाखा. मग, "याचं इंजिन बदललं, चाकं बदलली, सीट बदलली, आता हे सासऱ्यानं दिलेलंच स्कूटर आहे का दुसरं?" खरोखर आहे काय आणि नाही काय, ते सत्ताशास्त्र. "मागं एकालेच बसवता येते आणि रस्त्यात दोघं उभे आहेत, एक म्हातारा, एक परीक्षेले निघालेली पोरगी. कोणाले घेऊ अन् काहून?" ते नीतिशास्त्र. "सगळे जुने स्कूटर धूर सोडतात, हे धूर सोडते, म्हणून हे जुनं आहे... बरोबर का चूक?" चूक, कारण नवंही सोडू शकतं, ते तर्कशास्त्र. आणि शेवटी, "हे सुंदर आहे का?" अख्खा वर्ग एका आवाजात, "नाही!" "मंग माह्या बायकोले काहून सुंदर वाटते?" ते सौंदर्यशास्त्र. वहिनींना ते स्कूटर कधीही सुंदर वाटलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. पण पोरं शाखा विसरायची नाहीत. माझ्या वर्गात जगातल्या नद्या विसरणारी पोरं ह्याच्या पाच शाखा बोटांवर मोजायची, मला त्याचा जळफळाट व्हायचा.

मात्र त्याची खरी शिकवण शाखांमध्ये नव्हती. ती एका नियमात होती आणि तो नियम त्याच्या वर्गात कायद्यासारखा चालायचा. तुम्हाला कोणाचं म्हणणं खोडायचं आहे? खोडा. पण आधी उठायचं, त्याच्या बाकावर त्याच्या जागी जाऊन बसायचं, आणि त्याचं म्हणणं 'मी' म्हणून मांडायचं. "त्याचं म्हणणं असं आहे" हे चालायचं नाही. "मी असं म्हणतो" असंच म्हणायचं, आणि इतकं चांगलं मांडायचं की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हाव, बरोबर." त्यानंतर तुमची पाळी. जुन्या पंडितांच्या चर्चेत याला पूर्वपक्ष म्हणतात, तो सांगायचा, समोरच्याची बाजू आधी. वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं एकमेकांच्या जागी बसून एकमेकांची भांडणं मांडायची. अर्ध्या वेळा खोडायचं काही उरायचंच नाही.

हा नियम त्यानं कॉलेजच्या बाहेरही नेला. समीक्षा नावाची एक हुशार पोरगी होती. बारावीत होती आणि वडिलांनी लग्न ठरवायला घेतलं. ती वर्गात "मी" म्हणून बरंच काही बोलायला शिकली होती, ते तिनं घरी बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाप तणतणत स्टाफरूममध्ये. "पोरीले काय शिकवून राह्यले तुमी? बापाले उलटून बोलायले?" मी मधे पडणार होतो, माझा आवाज तसाही मोठा आहे. दिवाकरनं मला हातानं थांबवलं, उठला, आणि त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बोलायला लागला. "मी बाप आहो. माह्या घरात पहिल्यांदा पोरगी बारावीले गेली. लोकं बोलतात. मले धाक वाटते की उद्या मी मेलो तर इचं कोण पाहीन. मी वाईट नाही, मी भेलेला आहो." तो माणूस ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, "हाव सर, बरोबर." मग दिवाकर म्हणाला, "आता तिचं तुमी मांडा. 'मी' म्हणून." बराच वेळ त्याला जमेना. शेवटी "मी... मले शिकायचं आहे बाबा" एवढंच तो बोलला आणि त्याचे डोळे भरले. समीक्षा आज यवतमाळला नर्स आहे. तिचं लग्नही तिच्या मर्जीनं झालं, जेवायला आम्ही दोघं गेलो होतो.

आता यातली गोम ऐका. असा माणूस दोस्त म्हणून फार डोक्यात जातो. कारण त्याचं स्वतःचं मत काय, हे कधीच कळत नाही. एकदा त्यानं पृथ्वी सपाट आहे असं मला स्टाफरूममध्ये इतकं बेमालूम पटवलं की मी, भूगोलाचा माणूस, चिडून डस्टर टेबलावर आपटला. दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूनं तो माझ्यापेक्षा चांगला बोलला. एकदा मरणाचा विषय निघाला. म्हणाला, "रफिक, माणूस मातीतून आला, मातीत गेला पाहिजे. मले तर मातीतच जायचं आहे." मी दिवसभर खूश होतो, की चला, हा आमच्यासारखा बोलला. आठवड्यानं कळलं की तो माझीच बाजू मांडत होता. "मंग तुझी कोणती?" असं विचारलं की हसायचा. म्हणायचा, "माही सांगतली की पोरं विचार करायचं सोडतात." हे मला तेव्हा मोठं शहाणपण वाटायचं. त्या रविवारी दुपारी त्याच्या अंगणात उभा राहिलो तेव्हा ते शहाणपण माझ्या छातीवर येऊन बसलं.

अंगणात माणूस मावत नव्हता. ढाणकीहून त्याचे मोठे भाऊ, प्रभाकरदादा आलेले. समीक्षा यवतमाळहून आलेली. जुन्या बॅचची पोरं, कोणी किराणावाला, कोणी पोलीस, कोणी मास्तर. दिवाकर आत पांढऱ्या कापडात. आणि बाहेर प्रश्न हा, की याला न्यायचं कुठं? समीक्षा पुढं होऊन म्हणाली, "सरनं आमच्या वर्गात सांगतलं होतं, मी मेलो की देह मेडिकलले द्या, पोरं माह्यावर शिकतीन. मी तिथं फोन केला आहे. पण डोळे द्यायचे असतीन तर लवकर ठरवा, त्याले काही तासच असतात." प्रभाकरदादांचा चेहरा काळा पडला. "माह्या बापाले अग्नी दिला, मायले दिला. याले कापायले देऊ?" तेवढ्यात किराणावाला म्हणाला, "दादा बरोबर म्हणून राह्यले. आमच्या बॅचले सरनं सांगतलं होतं, मले अग्नीच द्या." पोलीस म्हणाला, "ना बाप्पा! आमाले सांगतलं, मले पुरा अन् वर झाड लावा." एकही जण खोटं बोलत नव्हता. प्रत्येकाच्या कानात त्याचा तोच आवाज होता आणि प्रत्येक वेळी तो 'मी' म्हणाला होता... मग सगळे माझ्याकडे वळले. "सर, तुमी त्यायचे दोस्त. त्यायचं खरं काय होतं?"

वीस-बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, एका गाडीवर फिरलो, माझ्या घरची ईद त्याच्याशिवाय झाली नाही. आणि मला माहीत नव्हतं! माझ्या दोस्ताला मरणाबद्दल काय वाटायचं, आत्मा आहे की नाही, शरीर म्हणजे काय, त्याचं काय करावं... काही, काही माहीत नव्हतं. त्यानं कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं. मी अंगणातल्या सगळ्यांसमोर म्हणालो, "मले नाही माहीत," आणि ते म्हणताना मला तो दुसऱ्यांदा मेल्यासारखा वाटला.

आवाज वाढले. दादा आणि समीक्षा समोरासमोर, मागे ज्याच्या-त्याच्या बॅचची माणसं. दोघंही रडत होते आणि दोघंही हटत नव्हते. ज्या माणसानं सगळ्यांना समोरच्याचं आधी ऐकायला शिकवलं, त्याच्या दारात कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. तेव्हा शालूवहिनी आतून आल्या. झेडपीच्या शाळेत शिकवतात, पण आवाज कधी चढवत नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "तुमी सगळे त्यायचं सांगून राह्यले," त्या म्हणाल्या. "माह्या घरात मयत झाली. मले कोणी विचारलं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच, कोणी म्हणजे कोणीच विचारलं नव्हतं. दादांनी मान खाली घातली. वहिनी समीक्षाकडे वळून म्हणाल्या, "डोळे दे, बाई. तेवढे ने." मग दादांकडे पाहून, "जाळायचं नाही, दादा. मातीत ठेवा. आमाले लेकरूबाळ नाही. मले जायले, बसायले एक जागा पाहिजे." बस, संपलं. डोळ्यांची गाडी येऊन गेली. त्रिसरण-पंचशील झालं, आणि ऊन उतरायच्या आत नदीकडच्या स्मशानभूमीत आम्ही त्याला ठेवलं. माती लोटताना मला आत कुठंतरी बरं वाटलं, की शेवटी तो माझ्याच बाजूला आला. माणूस किती आपमतलबी असतो पाहा.

यापुढचं लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस काढले. शेवटी वहिनींनाच विचारलं. "लिहा भाऊ," त्या म्हणाल्या, "लोकायनं मले दोन बोल लावले तर लावू द्या." म्हणून लिहितो.

काही आठवड्यांनी, शाळा सुटायच्या वेळेला मी नदीकडे गेलतो. वहिनी तिथं आधीच बसलेल्या होत्या, पर्स बाजूला, चप्पल काढून. मी थोडा दूर बसलो. मग त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, मले माहीत होतं."

"काय?"

"त्यायचं खरं काय होतं ते. मले सांगतलं होतं त्यायनं. वर्गातलं नाही, घरातलं. मेडिकललेच. 'शालू, हे मी कोणाच्या बाजूनं नाही म्हणून राह्यलो, हे माहं आहे,' असं म्हणले होते. एकदा नाही, लय खेपा."

दुपारचं ते अंगण डोळ्यांसमोर उभं राहिलं. समीक्षा बरोबर होती! एवढ्या गर्दीत एक पोरगी बरोबर होती, आणि हे ज्या एका माणसाला माहीत होतं तो माणूस दाराची चौकट धरून उभा होता. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

"त्या दिवशी सांगायले तोंड उघडलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पण ते कापडातले त्यायचे पाय पाह्यले अन् मले वाटलं, नेलं तर मी कोणाच्या जवळ बसू? मी नाही देऊ शकली, भाऊ. डोळे दिले. बाकीचं चोरून ठेवलं." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी चुकली का?"

मी लगेच सुरू झालो. म्हटलं, नाही वहिनी, कसं चुकाल, जिवंत माणसाचं दुःख मोठं, गेलेल्याला काय कळते, तुमचा हक्क होता... त्यांनी हात वर केला. अगदी दिवाकरसारखा.

"माहं नका मांडू. माहं मले येते. त्यायचं मांडा."

तिथं खुर्ची नव्हती, बाक नव्हता. मी उठलो आणि त्या मातीच्या उंचवट्याच्या अगदी जवळ, त्याच्या उशाशी जाऊन बसलो. आयुष्यभर मी ह्या माणसाशी भांडलो, त्याच्या जागी कधी बसलो नव्हतो. "मी दिवाकर," मी म्हणालो, आणि आवाज फाटला. पुन्हा सुरू केलं. "मी दिवाकर. मी सगळ्यायच्या बाजूनं बोललो, शालू. स्वतःचं एकच मागतलं होतं, अन् ते तुलेच सांगतलं होतं, काहून का मले वाटलं, तू तरी सांगशीन. माह्या हाडावर चार पोरं शिकले असते. मास्तर होतो ना मी. मेल्यावरही तास घेतला असता. तो तास तू घेऊ नाही देला."

एवढं बोलून मी थांबलो. मलाच धक्का बसला होता, की हे माझ्या तोंडून आलं कुठून. वहिनी पदर तोंडात धरून ऐकत होत्या. मला वाटलं आपण फार कठोर बोललो, आता ह्या कोसळतात. पण त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. "हाव," त्या म्हणाल्या. "बरोबर. असंच म्हणले असते."

मग त्या पुढं सरकल्या, मातीवर पालथा हात ठेवला, आणि ज्या आवाजात कोणी आपल्या माणसाला घरात हाक मारतं त्या आवाजात म्हणाल्या, "झालं ना तुमचं? आता माहं ऐका."

मी उठलो. नवरा-बायकोचं भांडण होतं ते, तिथं माझं काय काम.